सहा मात्रा मागे

१

दर शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला अविनाश आढाव दिल्लीच्या करोल बागेत बसमधून उतरायचा, साड्यांच्या दुकानांपुढची गर्दी चुकवत एका अरुंद गल्लीत वळायचा आणि गल्लीच्या टोकाच्या छोट्या चर्चच्या हॉलमध्ये शिरायचा. अकरा वर्षांचा नेम. आठवडाभर तो मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असे, फायलींवर शेरे मारणारा, ‘आढावसाब’ म्हणून ओळखला जाणारा बावन्न वर्षांचा गृहस्थ. शनिवारचे दोन तास मात्र तो चर्चच्या गानमंडळातला पहिला टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष आवाज, होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःला तो तेवढाच आवडायचा.

शहाऐंशीच्या जानेवारीत गुड फ्रायडेसाठी त्यांनी पुन्हा तो जुना मोटेट काढला. मोटेट म्हणजे लॅटिनमधलं, वाद्यांशिवाय गायचं, अनेक आवाजांचं भक्तिगीत. हे चारशे वर्षांपूर्वीचं होतं. कोणी रचलं ते कागदावर नव्हतं. शब्द थोडे, देवाला मारलेली एक हाक, फिरून फिरून तीच. आवाज पाच, पण कागदावर ओळी चारच. पाचवा आवाज लिहिलेला नव्हता. पहिल्या टेनरने आपली ओळ सुरू करायची. सहा मात्रा झाल्या की कागदावर एक बारीक खूण होती, तिथे दुसऱ्या टेनरने तीच ओळ पहिल्यापासून उचलायची. तेच सूर, तेच शब्द, शेवटपर्यंत सहा मात्रा मागे. पुढच्याने थांबायचं नाही आणि मागच्याने गाठायचं नाही.

इतकी वर्षं मागचा आवाज गुणवंत भालेरावांचा होता. दिवाळीपासून ते येईनासे झाले. मुलाने गाझियाबादला घर घेतलंय, लांब पडतं, एवढाच निरोप आला. विजयालक्ष्मी मॅडम, म्हणजे शाळेत संगीत शिकवणाऱ्या आणि या मंडळाला गायला लावणाऱ्या बाई, म्हणाल्या, “वो लाइन खाली रहने दो. बाद में देखेंगे.”

चौदा जण उभे राहिले. अविनाशने ओळ सुरू केली. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, “सेकंड टेनर, थोडा हलका.”

पुढच्या दोन मात्रा गाणं तसंच चाललं. मग त्यांनी डोळे उघडले. अविनाशच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. त्यांचा हात खाली आला.

“आदत,” त्या म्हणाल्या. “इतने साल की आदत है.”

सगळे हसले. अविनाशही हसला. पण त्याचा डावा कान गरम झाला होता. कोणी अगदी खेटून उभं राहून गायलं की होतो, तसा.

२

त्याने पहिला संशय घेतला तो अण्णासाहेबांवर. अण्णासाहेब मंडळातले सर्वांत जुने, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि नकला करण्यात पटाईत. पाद्रीसाहेबांची नक्कल त्यांनी पाद्रीसाहेबांसमोरच केली होती.

पुढच्या शनिवारी अविनाश मुद्दाम अशा कोनात उभा राहिला की अण्णासाहेबांचे ओठ दिसावेत. ओळ सुरू केली आणि मनात मोजलं. सहाव्या मात्रेला डावीकडून, खांद्यामागून, हलकेच तीच ओळ सुरू झाली. अण्णासाहेबांचे ओठ बेसचे, खालच्या पट्टीचे सूर गात होते.

मग त्याने एक चूक केली. जाणूनबुजून. जिथे श्वास घ्यायचा नाही तिथे घेतला आणि एक अक्षर गिळलं. मनात म्हणाला, बघू आता. सहा मात्रांनी मागच्या आवाजाने तिथेच श्वास घेतला आणि तेच अक्षर गिळलं.

तालमीनंतर चहा प्यायला सगळे बाहेर आले. अविनाशने अण्णासाहेबांना बाजूला घेतलं.

“अण्णासाहेब, पुरे झाली मस्करी.”

“कसली रे?”

“भालेरावांची नक्कल करताय ना?”

“अरे बाबा, माझा आवाज तळघरातला. टेनर मला स्वप्नातसुद्धा जमायचा नाही.” अण्णासाहेबांनी बशीत चहा ओतला आणि त्याच्याकडे तिरपं बघितलं. “पण तुला विचारायचंच होतं. तू दोन्ही ओळी का गातोस? दमत नाहीस?”

“एका माणसाला दोन्ही ओळी कशा गाता येतील?”

“तेच म्हणतोय मी. जमतं कसं तुला?”

ते थट्टा करत नव्हते. अविनाशने त्यांचा चेहरा नीट बघून घेतला. थट्टेचा मागमूस नव्हता.

३

हॉलमध्ये काहीतरी असेल, असं त्याने ठरवलं. उंच छत, दगडी भिंती, आवाज कुठेतरी अडकून परत येत असेल. माणसाचं मन कारण शोधतं आणि सापडलं की निवांत होतं. अविनाश रविवारभर निवांत होता.

सोमवारी त्याने स्टेनोला बोलावून एका फायलीवरची नोट सांगितली. तासाभराने टाइप होऊन कागद आला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. दुसरंही पहिलंच होतं. सगळी नोट तशी, एकेक वाक्य दोनदोनदा.

“यह क्या है?”

स्टेनो गोंधळला. पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेला, स्वल्पविरामसुद्धा न चुकवणारा माणूस. “सर, आपने ही दो-दो बार बोला. मैंने सोचा, ज़रूरी होगा.”

“मैंने?”

“जी सर. एक बार इधर से...” तो म्हणाला आणि त्याची नजर नकळत अविनाशच्या मागच्या लोखंडी कपाटाकडे गेली. मग त्याने वाक्य सोडून दिलं आणि कागद उचलला. “फिर से टाइप कर देता हूँ.”

दार बंद झाल्यावर अविनाश खुर्चीत बसून राहिला. खोली बारा फूट लांब. आवाज भिंतीवर आपटून परत यायचा तर पापणी लवायच्या आत येईल. इतका वेळ घ्यायला समोर डोंगर लागतो. शाळेत शिकलेलं त्याला अजून आठवत होतं.

तो हळूच म्हणाला, “नमस्कार.”

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“नमस्कार,” कपाटाच्या बाजूने आलं. दबकं, पण स्पष्ट. भालेरावांचा आवाज नव्हे तो. त्यात अविनाशचंच थोडं घोगरेपण होतं, सकाळी उठल्यावर असतं तसं.

त्याने कपाट ओढून पाहिलं. मागे भिंत होती, धूळ होती आणि कधीकाळी पडलेली एक टाचणी होती.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात कान दाखवून आला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घड्याळ कानाशी धरलं. “बढ़िया कान हैं,” ते म्हणाले. “आप जैसे कान तो जवानों के नहीं होते.”

४

लोधी कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर वरच्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, तिला लागून उन्हाची छोटी गॅलरी, बाजूला स्वयंपाकघर, आणि पडद्यापलीकडे आतली खोली. मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेल्यापासून घरात दोघंच, अविनाश आणि कुमुद. शांत घर नव्हतं ते. अविनाश बोलका माणूस. दाढी करताना बोलायचा, जेवताना बोलायचा, अंघोळीला गेला तरी दाराआडून बोलायचा. कुमुद म्हणायची, “तुमचं बोलणं थांबलं की मला वाटतं लाइट गेली.”

आता तो बोलताना मोजू लागला.

“कुमुद, मीठ दे जरा.” एक, दोन, तीन. आतल्या खोलीतून, पडद्यामागून, “कुमुद, मीठ दे जरा.”

“दिलं की,” कुमुद म्हणाली. “ताटात बघा तरी.”

“तू आत्ता काय ऐकलंस?”

“काय ऐकायचं? मीठ मागितलंत.”

“किती वेळा?”

तिने पोळी उलटली आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं. “तुमचं काय चाललंय हो? महिनाभर बघतेय. बोलता आणि मग कान टवकारून बसता. कोणाची वाट बघताय?”

त्याने पोळीचा तुकडा मोडला. सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, हीच भीती होती. ठेवला असता आणि मग तीही ऐकू लागली असती.

त्या आठवड्यात आवाजाबरोबर बाकीचंही येऊ लागलं. तो खोकला की पडद्यामागे खोकला. त्याने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की आत पेला ठेवल्याचा आवाज. दर वेळी जाऊन बघायचा. पलंग, गोदरेजचं कपाट, शिलाई मशीन, खिडकीतला कडुलिंब. पेला नव्हता. एकदा मात्र मशीनच्या फळीवर ओलं वर्तुळ होतं. कुमुदने ठेवला असेल काहीतरी, असं म्हणून त्याने ते पंच्याने पुसून टाकलं.

मग त्याच्या डोक्यात आलं की हे सगळं भालेरावांना माहीत आहे. दहा वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस एक शब्द न सांगता जातो, आणि तो जाताच हे सुरू होतं. भालेरावांनी काय लपवलं होतं? रविवारी प्रार्थनेनंतर त्याने गाझियाबादची बस पकडली.

५

दार सुहासिनीवहिनींनी उघडलं. भालेरावांच्या पत्नी. नेहमी हसतमुख, पण आज हसल्या नाहीत.

“आलात का शेवटी,” त्या म्हणाल्या. “वर गच्चीवर बसलेत.”

भालेराव उन्हात खुर्ची टाकून बसले होते. निम्मे झाले होते. गळ्याला मफलर. अविनाश बसमध्ये सगळं ठरवून आला होता, तावातावानेच म्हणाला, “गुणवंतराव, हे काय चालवलंय तुम्ही?”

भालेरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि मफलर सोडला. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे, एक भोक होतं. त्यावर जाळीचा तुकडा. श्वासाबरोबर तो तुकडा हलत होता.

“नोव्हेंबरात ऑपरेशन झालं,” वहिनी मागून म्हणाल्या. “स्वरयंत्र काढलं. कोणाला कळवायचं नाही म्हणाले. गाणाऱ्या माणसाचं हे असं.”

अविनाश कठड्यावर बसला. खाली कारखान्याच्या भोंग्याचा आवाज आला आणि विरला. मग तो म्हणाला, “चुकलंच माझं. आधी यायला हवं होतं.”

भालेरावांनी मांडीवरची वही उचलली. लिहिलं, “तालीम कशी चाललीय?”

“तेच विचारायला आलोय. तुमची ओळ...” त्याला शब्द सापडेना. “तुमची ओळ कोणीतरी गातंय.”

भालेरावांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी पेन्सिल धरली आणि बराच वेळ लिहीत राहिले. वही त्याच्याकडे सरकवली.

“माझा आवाज एक्याऐंशीतच गेला होता. एका शनिवारी माझी जागा आली आणि घशातून काही निघेना. पण ओळ सुरू झाली. वाटलं, तुम्ही सांभाळून घेताय. त्यानंतर मी कधी गायलो नाही. नुसते ओठ हलवायचो.”

अविनाशने ते दोनदा वाचलं. पाच वर्षं. पाच गुड फ्रायडे, दर शनिवार, डाव्या खांद्याशी.

“मी नव्हतो,” तो म्हणाला. “मी माझी ओळ गात होतो. मला वाटायचं तुम्हीच.”

भालेराव त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिले, खरं बोलतोय की नाही याची खात्री करून घेत असल्यासारखे. मग लिहिलं, “म्हणजे पाच वर्षं तुमच्यावर उगाच राग धरला. वाटायचं, दया करता माझ्यावर.” आणि त्याखाली घाईघाईने, “घरीपण येतो का?”

अविनाशने मान हलवली.

“अजून मागेच आहे ना?”

“मागे म्हणजे? मागेच असणार,” अविनाश म्हणाला. “सहा मात्रा.”

पण या आठवड्यात त्याने शेवटपर्यंत मोजलं होतं का? मीठ मागितलं तेव्हा तीनपर्यंत तरी गेलो होतो का, की त्याआधीच आवाज आला होता?

भालेराव पुन्हा लिहू लागले. दोन शब्द झाले असतील, तेवढ्यात त्यांना ठसका लागला. तोंडातून काहीच आवाज नाही, फक्त त्या भोकातून शिट्टीसारखी हवा. वहिनी धावल्या, वही खाली पडली, पाठ चोळणं सुरू झालं. “पुरे आता, भाऊजी. दमतात ते,” वहिनी म्हणाल्या. त्याला उठावंच लागलं.

जिना उतरून दाराशी आल्यावर त्याने मागे वळून सांगितलं, “येतो मी, वहिनी.”

वहिनींनी दार लावून घेतलं. अविनाश पायरीवर उभा राहिला. एक, दोन.

“येतो मी, वहिनी,” जिन्यातून आलं.

६

पुढच्या शनिवारी त्याने विजयालक्ष्मी मॅडमना सांगितलं की आपण यंदा गाणार नाही. घसा बरा नाही.

मॅडमनी हातातले कागद टेबलावर ठोकून सारखे केले. “आढावजी, गुड फ्रायडे छह हफ़्ते में है. आप नहीं होंगे तो लाइन शुरू कौन करेगा?”

“कोई और देख लीजिए, मॅडम.”

“और कौन है?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “पिछली बार मैंने कान लगाकर सुना. मुझसे कुछ छुपा रहे हैं आप?”

“नहीं, मॅडम.”

त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. शाळेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, “ठीक है. जाइए.”

तो गल्लीत आला. चहावाल्याने नेहमीप्रमाणे पेला पुढे केला. दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात हॉलच्या उघड्या खिडकीतून गाणं सुरू झालं. आधी बायकांचे आवाज, मग बेस. आता पहिल्या टेनरची जागा. इथे खड्डा पडणार, अविनाश मनात म्हणाला. इथे मॅडम थांबवणार.

खड्डा पडला नाही. ओळ सुरू झाली, स्वच्छ, भरदार, जशी तो स्वतः तरुणपणी गायचा. कोणी थांबवलं नाही. कोणी खिडकीतून डोकावलं नाही. कोणाला वाटलंच नाही की माणूस बाहेर गल्लीत चहा पीत उभा आहे.

चहावाला म्हणाला, “साब, आज आप बाहर? फिर अंदर...” आणि हसून गप्प झाला, कारण अविनाशचा चेहरा त्याने पाहिला.

७

त्यानंतर दोन-तीन दिवस घरात काहीच ऐकू आलं नाही. अविनाश बोलायचा आणि मोजायचा. सहा, आठ, दहा. पडदा गप्प. सुटलो, असं त्याला वाटलं. मंगळवारी सकाळी तो खुशीत वर्तमानपत्रातली एक बातमी कुमुदला मोठ्याने वाचून दाखवत होता, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “आवाज कसा येतोय तुमचा? दोघांनी एकदम वाचल्यासारखा.”

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा कुमुद त्याची वाट बघत बसली होती. हातात पत्र. “सुहासिनीने लिहिलंय. भालेरावांचं सगळं कळलं. तुम्ही तिकडे जाऊन आलात आणि मला सांगितलं नाहीत.” तिचे डोळे लाल होते. “तुम्हालापण तसंच काही झालंय का? खरं सांगा. गाणं सोडलंत, डॉक्टरकडे गेलात, मला चुकवून. मी काय परकी आहे?”

अविनाशने मान हलवली. नाही.

“मग बोला ना.”

त्याने ठरवलं, सांगून टाकू. सगळं. तोंड उघडलं. आणि त्याचा शब्द निघायच्या आत पडद्यामागून निघाला, “कु...”

त्याने ओठ घट्ट मिटले. आतला आवाजही तिथेच तुटला. स्वयंपाकघरात नळ चालू होता, कुमुदने ऐकलं नाही. पण अविनाशला जे समजायचं ते समजलं. जे आपण बोलणार आहोत तेवढंच त्याला म्हणता येतं, निदान घरात तरी. आपण बोलायचंच नाही ठरवलं, तर त्याच्यापाशी काही उरत नाही.

त्याने खिशातलं पेन काढून पत्राच्या पाठीवर लिहिलं, “घसा बसलाय. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही सांगितलं. काळजी करू नकोस.”

कुमुदने ते वाचलं. कागदाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “कुठल्या डॉक्टरांनी?” ती म्हणाली. त्याने पेन खिशात ठेवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ नळाखाली भांडी घासत राहिली, जी आधीच घासलेली होती.

तीन आठवडे असे गेले. ऑफिसात त्याने रजा टाकली. घरात भांड्यांचे आवाज, खाली भाजीवाल्याच्या आरोळ्या, कडुलिंबावर पोपट. पडदा हलत नव्हता. कुमुद आधी रागावली, मग रडली, मग तिनेही बोलणं कमी केलं. कधी कधी ती काम करता करता थांबायची आणि कान देऊन उभी राहायची. नवऱ्याच्या आवाजासाठी ती आसुसली होती, हे त्याला दिसत होतं. तोच तिला द्यायचा नव्हता.

८

मार्चातला दुसरा रविवार. सकाळचे अकरा वाजले होते. गॅलरीच्या दारातून ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात कुमुद मटार सोलत बसली होती. अविनाश समोर वेताच्या खुर्चीत. सकाळी अजून गारवा असल्यामुळे पायांत तपकिरी लोकरी मोजे, डाव्या अंगठ्यापाशी कुमुदने काळ्या दोऱ्याने रफू केलेले. दोघंही गप्प होती, पण त्या गप्प बसण्यात आज पहिल्यांदाच थोडा सलोखा होता. तिने एक कोवळी शेंग सोलून दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने खाल्ले.

“कुमुद, थांब! आत जाऊ नकोस!”

पडद्यामागून. मोठ्याने, कळवळून, शेवटच्या अक्षरावर चिरकत.

कुमुदचे हात थांबले. तिने अविनाशकडे बघितलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं, तोंडात मटार होते.

“तुमचा आवाज,” ती म्हणाली. आधी चेहरा उजळला, मग कपाळाला आठी पडली. “आतून कसा आला?”

आजवर पडद्यामागचं तिने काही ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. अविनाशने जोरजोरात मान हलवली, हात आडवा धरला. नको, जाऊ नको.

“आता खुणा कशाला करता? बोललात ना चांगलं.” ती परात बाजूला ठेवून उठली. तिला वाटलं असेल टेपरेकॉर्डर, वाटलं असेल काहीतरी गंमत, तीन आठवड्यांनी नवऱ्याने काढलेली समजूत. पदराला हात पुसत ती पडद्याकडे निघाली. तो धडपडून उठला, खुर्ची उलटली, पाय लागून परातीतले दाणे घरंगळत गेले. त्याने तिचा पदर धरायला हात टाकला आणि पदर बोटांतून निसटला.

आता तिला थांबवायला आवाजच लागणार होता. आणि शब्द कोणते, ते त्याला ठाऊक होतं. तेवढ्या क्षणात त्याने दुसरे शोधले. परत ये. इकडे बघ. साप आहे. काहीही. जिभेवर एकही वळला नाही.

“कुमुद, थांब! आत जाऊ नकोस!” तो ओरडला. शेवटचं अक्षर चिरकलं.

कुमुद पडद्याशी होती. ती वळली नाही. पडदा बाजूला करत, आतल्या खोलीकडे बघत, ती म्हणाली, “ऐकलं हो. दोनदोनदा कशाला सांगायचं?”

पडदा पडला.

आत त्याचाच आवाज बोलू लागला. तीन आठवडे विश्रांती मिळालेला, मोकळा, भरदार. काय बोलत होता ते नीट कळेना, पण सूर ओळखीचा होता, घरच्या माणसाशी बोलायचा. कुमुद हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिचा आवाज आला, हळू, “अहो, पण तुम्ही तर आत्ता बाहेर...”

वाक्य तिथेच राहिलं. ती किंचाळली नाही. काही पडलं नाही. घर गप्प झालं.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. अविनाश खाली वाकला. पडद्याखाली कुमुदच्या टाचा दिसत होत्या, साडीचा काठ. पुढेही नाही, मागेही नाही, पाय जागच्या जागी होते. आणि तिच्यासमोर, अगदी जवळ, आणखी दोन पावलं. तपकिरी लोकरी मोजे. डाव्या अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्याने रफू.

त्याने आपल्या पायांकडे बघितलं. मोजे होते. रफू होतं.

आतली पावलं कुमुदला वळसा घालून पडद्याच्या दिशेने फिरली. उजवा पाय उचलला आणि एक पाऊल पुढे पडला.

अविनाशला पळायचं होतं. गॅलरीचं दार उघडं होतं, खाली रस्त्यावर माणसं होती, उन्हात मुलं क्रिकेट खेळत होती. त्याने सगळा जोर लावून पाय जमिनीला दाबून धरले आणि मनात नको नको म्हणत असताना मोजणं सुरूच होतं. एक, दोन, तीन, चार, पाच.

सहाव्या मात्रेला त्याचा उजवा पाय उचलला.